शून्याची धूळ

कोरा राहायला हवा तो खळगा पिवळा झाला.

नुसता पिवळा नाही, कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखा. तिने प्लेट उजेडाकडे धरली, पालथ्या मनगटाने चष्मा वर ढकलला, पुन्हा पाहिलं. प्लॅस्टिकची पारदर्शक प्लेट, तिच्यात नखाएवढ्या खळग्यांच्या ओळी, आणि एकेका खळग्यात एकेका ठिकाणच्या धुळीचं पाणी. त्यावर एकामागून एक औषधं घालत जायची, आणि शेवटच्या थेंबाला, ज्या धुळीत उंदराच्या मुताचा अंश असेल तो खळगा पिवळा होतो. जितकं मूत जास्त तितका पिवळा गर्द. उंदीरखान्यातली धूळ, त्याच्या बाहेरच्या बोळातली धूळ, डबे खायच्या टेबलाखालची, थोरल्या सरांच्या खुर्चीखालची. दम्यावर संशोधन करणारी ती इमारत. उंदरांना दमा द्यायचा आणि मग तो घालवून दाखवायचा, असा तिथला उद्योग. या वर्षी वरून हुकूम आला होता, की उंदरांचं राहू द्या, आधी आपली माणसं काय हुंगतात ते मोजा. आणि मोजायचं तर शून्य लागतं. जिथे उंदराचा मागमूस नाही अशा जागेची धूळ लागते. ती तिने घरून आणली होती, तिच्या माहितीतल्या सगळ्यांत स्वच्छ जागेतून, बाबांच्या खोलीतून. एक पिशवी फरशीवरची, एक उशीवरची. फरशीचा खळगा फिकट, जेमतेम. उशीचा गर्द.

शेजारच्या टेबलावरून लांब्या वाकला. तो प्रयोगशाळेत नवा होता तेव्हा कुणीतरी त्याला लांब्या म्हटलं, आणि आता पगारही त्याच नावाने निघेल अशी पाळी आली होती.

"ताई, अभिनंदन. तुमच्याकडे पाहुणे आलेत."

"काय?"

"उंदीर झालेत घरात. मांजर पाळा एखादं."

"होता बोका. हाकलून दिला."

"बघा! त्याचे शाप लागले."

थोरले सर आले, त्यांनी प्लेट डोळ्यांपासून लांब धरली, वर्तमानपत्र धरतात तशी. "शून्य शून्यासारखं दिसायला हवं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या घरची धूळ घ्या. मी आणतो उद्या माझ्या घरची. आमची ही दिवसातून दोनदा पुसून घेते."

"आणि हा आकडा, सर?"

"कुठला आकडा?" सर म्हणाले, आणि गेले.

ती हात धुवायला गेली. हात धुतानाच तिला कळलं. कळणं असं लख्ख आलं नाही. घशात काहीतरी अडकावं, गिळलं तर जाईना, खाकरलं तर येईना, तसं ते आलं. उंदीर फरशीवरून पळतात. घरात उंदीर असता तर फरशीचा खळगा गर्द झाला असता. उशीवर उंदीर येत नाही. उशीवर, रोज संध्याकाळी, एकच गोष्ट येते.

तिचं डोकं.

*

या कामाकडे कशा वळलात, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर तयार असे. माझ्या वडिलांना दमा होता. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच ओल यायची, मुलाखत घेणारे मान हलवायचे, एकदा तर एका बाईंनी तिचा हात हातात घेतला होता. उत्तर खोटं नव्हतं. पण त्यातून लोक जे समजत ते खोटं होतं. दया नव्हती ती. किळस होती. लहानपणच्या घरात पुढच्या खोलीत ओल्या वेताचा वास, बाबा खुर्च्या विणत. मागच्या खोलीत रात्री त्यांची छाती, जाम झालेलं दार कुणीतरी आतून उघडायचा प्रयत्न करतंय आणि ते काही उघडत नाही असा आवाज. उशाशी झाकणाचा पत्र्याचा डबा. सकाळी तो रिकामा करायचं काम तिचं. झाकण न उघडता डबा नेता येतो, पण झाकण न उघडता तो रिकामा करता येत नाही. भिजत घातलेल्या डिंकासारखे बेडके, त्यात दोऱ्यासारखं काहीतरी, डबा तिरका केला तरी खाली न येणारं, तळाशी जीव धरून बसलेलं. एकदा तिला तिथेच ओकारी झाली. बाबांनी ती हाताने पुसली, फडकंसुद्धा न घेता, आणि वर हसले. "होतं असं, ठकू." ठकू म्हणजे ती; अजूनही तीच. त्यांना किळस कशी येत नाही, याचीच तिला जास्त किळस आली होती. तो आवाज बंद व्हावा, तो डबा नाहीसा व्हावा, एवढ्यासाठी ती शिकली. पुढे काचपट्टीवर त्याच बेडक्यातल्या पेशी रंगवल्यावर गुलाबी दिसल्या, दाणेदार, फुटायला आलेल्या, तेव्हा सगळा वर्ग वा म्हणाला. तिला डबा दिसला.

आणि त्या पेशींचं शिकताना तिला वाटलं होतं, की हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. धुळीचा कण, केसाचा तुकडा, मुताचा वाळलेला अंश. यात शत्रू कोण? कुणीच नाही. पण आतलं कुणीतरी नाक मुरडतं, मग तोंड फिरवतं, मग चिडतं, आणि मग ते चिडणं थांबत नाही. शिंका, खोकला, चिकट पाणी, जे जे बाहेर फेकता येईल ते सगळं. शरीराला किळस येते. एकदा येऊन जाते ती सर्दी. घर करून राहते तो दमा. तसंच सांध्यांचं, आतड्यांचं, कातडीचं. खालच्या मजल्यावर त्यांच्यावर काम करणारी माणसं होती आणि ती सगळी एकाच गोष्टीवर काम करत होती, न निवणाऱ्या सुजेवर. तिच्या छातीत बाबांसारखी दम्याची शिट्टी कधी वाजली नाही. इतकी वर्षं उंदरांत काढून साधी शिंक नाही. तिची सूज दुसरीकडे असावी.

बाबांच्या खोलीतून एकेक करून सगळं काढलं.

गालिचा काढला. पडदे काढले. बाबांची लोकरीची बंडी, कोपरांवर ठिगळं असलेली, काढली. कापसाची गादी जाऊन तिच्या जागी रबराची आली. ती अंगाखाली कुरकुरते, म्हणाले बाबा, जशी काही तिलाच दमा आहे. पुस्तकं, जुन्या मासिकांचे गठ्ठे, रेडिओवरचं विणलेलं झाकण, आणि मग धूळ बसते म्हणून रेडिओच. वेताच्या मोळ्या पहिल्याच दिवशी गेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद करून तिने त्यांना आपल्याकडे आणलं तेव्हा त्यांनी चार वेत काठीसारखे बगलेत धरून आणले होते, "नुसते राहू देत कोपऱ्यात." वेताची धूळ, बाबा. आयुष्यभर खाल्लीत ना? ते वेत जिन्याखाली गेले, तिथून कचऱ्यात. शेवटी बोका. लाल, एका कानाचा, बाबांच्या पायांवर झोपणारा बोका तिने पोत्यात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला ओळखीच्या एका गोदामवाल्याकडे सोडला, आणि रिक्षात पोतं मांडीवर धरून बसताना आतून येणारा तो ऊबदार, ओला धक्का... ती घरी येऊन नखं घासत बसली होती.

इतकं काढूनही बाबांच्या छातीतली शिट्टी वाजतच राहिली. उलट वाढली. तिच्याकडे आल्यापासून वाढली.

"आता एक तेवढा मी राहिलो," बाबा म्हणाले होते. "मलाही नेऊन सोड गोदामात."

*

हात धुऊन झाले. साबणाचा फेस मनगटांवर तसाच होता. समोर उंदीरखान्याचं दार, त्यावर पाटी: आत येण्यापूर्वी. आत येण्यापूर्वी पायांत पिशव्या, अंगात मागून बांधायचा झगा, तोंडावर मास्क, हातमोजे, टोपी. सगळी दारं, सगळे हवेचे झोत, सगळ्या पाट्या या उंदरांना माणसापासून जपण्यासाठी. माणूस आत जाताना घाण; बाहेर येताना काय होतो, याबद्दल पाटी नव्हती. बाहेर येऊन सगळे सरळ जेवायला जात. आणि टोपी. टोपी एकदा वापरून फेकायची असते, पण पहिल्यापासून तिथली रीत अशी, की सोमवारी काढलेली टोपी शनिवारपर्यंत पुरवायची. प्रत्येकाची खुंटी ठरलेली. खुंट्या मळक्या पिंजऱ्यांच्या मांडणीवर, कारण दुसरीकडे भिंत मोकळी नव्हती. खाली पिंजरे खरवडले जात, भुसा उडे, मूत वाळून त्याची पिठी झालेला भुसा, आणि वर उलट्या टांगलेल्या टोप्या झोळीसारख्या तोंड उघडून. नवीन माणूस आला की त्याला आधी खुंटी दाखवत. ही तुमची. तिने स्वतः लांब्याला दाखवली होती. खुंटीवरची टोपी झटकायचं कधी कुणाला सुचलं नाही. झटकली तर आत केस पडतील, उंदरांना त्रास होईल.

रोज त्या टोपीत ती आपली वेणी गुंडाळून कोंबत असे. जाड, कमरेच्या खाली जाणारी वेणी. या वयात एवढे केस कशाला, असं सगळे म्हणत. तिलाही नको होते. धुवायला वेळ नाही म्हणून ती रविवारीच केस धुवायची. पण आई गेली तेव्हा ती बाबांच्या गुडघ्याएवढी होती, आणि बाबांना वेणी येत नव्हती. त्यांना खुर्ची येत होती. त्यांनी तिच्या केसांत खुर्ची विणली. इतकी घट्ट, की डोळे कानांकडे ओढले जात. शाळेत मुली विचारायच्या, "बसू का गं?" ती रडत आली तेव्हा बाबा म्हणाले, बसू दे, मोडायची नाही. आता वेत नव्हता, दुकान नव्हतं, त्यांची बोटं दिवसभर चादरीची कड चाळवत. म्हणून संध्याकाळी ती घरी आली की कपडेही न बदलता त्यांच्या खाटेला टेकून फरशीवर बसायची, डोकं मागे उशीच्या कडेवर टाकायची, आणि बाबा वेणी सोडत. आधी नुसती सोडत. मग बोटांनी विंचरत, टाळूपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा, वेत ओलवल्यासारखे. मग विणत. ती अर्धवट झोपी जायची. दिवसातला तेवढाच वेळ असा, की तिला कशाची घाण वाटत नसे.

आणि मग त्यांचा दमा चढायचा. संध्याकाळ उतरली की दमा चढतो, ती म्हणायची. सगळ्यांचाच चढतो, बाबा, शास्त्र आहे त्याचं. ती उठून फवारा द्यायची, त्यांना बसतं करायची, त्यांच्या पाठीवर, आत काहीतरी फडफडणाऱ्या त्या पाठीवर हात ठेवायची, आणि विचार करायची, आता आणखी काय काढावं.

गेल्या हिवाळ्यात ती एका परिषदेला आठवडाभर बाहेर गेली. शेजारच्या काकू दोन वेळा येऊन बघून जात. फोनवर बाबांचा आवाज इतका मोकळा होता, की तिला आधी वाटलं, चुकीचा नंबर लागला. परत आल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, पडदे काढल्याचा गुण आला.

पडदे.

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली. पुढच्या बाईच्या अंबाड्यावर कोंड्याचे कण होते, आणि शेजारचा माणूस पिशवीतून काहीतरी तेलकट काढून खात होता, बोटं चाटत होता, मग त्याच बोटांनी मोबाइल. एरवी ती सरकून बसली असती. आज तिला वाटलं, यानेच सरकून बसावं. तिने वेणी पुढे घेतली. हळूच हुंगली, कुणी पाहत नाही असं पाहून. भुसा. अमोनियाची एक बारीक कळ. गोडसर, जुनाट, बंद कपाटातल्यासारखं काहीतरी. हा वास तिला येत नव्हता असं नाही. रोज येत होता. तो तिला कामाचा वास वाटत होता, सुताराला लाकडाचा वाटावा तसा. आणि या वासाचं डोकं तिने दोन वर्षं, न चुकता, एका गुदमरणाऱ्या माणसाच्या नाकाखाली नेऊन ठेवलं होतं. मग डबा धरला होता. डबा धरताना तोंड फिरवलं होतं. त्या बेडक्यांत तिचाच भुसा होता. इतकी वर्षं जिची शिसारी आली, ती तिची स्वतःचीच वस्तू होती. फक्त दुसऱ्याच्या छातीतून फिरून आलेली.

उद्या थोरले सर त्यांच्या घरची धूळ आणतील. त्यांचीही खुंटी तिथेच, तिच्या शेजारी. तोही खळगा पिवळा होईल, आणि सर म्हणतील, कुठला आकडा. त्या इमारतीतल्या कुणाच्याच घरी शून्य नव्हतं.

शेजारच्या माणसाने बोटं पँटला पुसली. "मावशी, बरं नाही का?" त्याने विचारलं. खरंच काळजीने.

*

ती आज सरळ बाबांच्या खोलीत गेली नाही. भिंतीपलीकडून त्यांनी हाक मारली, "ठकू, आलीस?" ती "हो" म्हणाली आणि न्हाणीघरात शिरली. केस धुतले. पुन्हा धुतले. पाण्यात काही दिसत नव्हतं, तेच वाईट होतं. काळं पाणी निघालं असतं तर थांबायचं कुठे ते कळलं असतं. कानांमागे, मानेवर, नखांत. कातडी लाल झाली. अंगातले कपडे तिने पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. मग कामावरून येताना उचलून आणलेलं टोपी-मास्क-झग्याचं नवं पाकीट फोडलं आणि ओल्या केसांचा गोळा करून वर टोपी चढवली. मास्क बांधला. झगा घातला, त्याचे बंद पाठीमागे चाचपडत कसेबसे अडकवले. आरशात पाहायचं तिने टाळलं. आत येण्यापूर्वी.

बाबा खाटेवर बसले होते. चार भिंती, एक खाट, एक खुर्ची. ती खुर्चीसुद्धा लोखंडी. तिने केलेली खोली. ती दारातच थांबली.

"कोण आहे?" बाबा म्हणाले. मग नीट पाहून, "या, डॉक्टरीणबाई. काय कापायचं आज?"

"बाबा, मी आहे."

"ते चालीवरून कळलं. मुसक्या कुणी बांधल्या?"

तिने सांगितलं. दारातूनच, मास्कमधून. टोपी, खुंटी, भुसा, उशी. आवाज सपाट ठेवून, सभेत वाचतात तसा. सांगता सांगता तिला जाणवलं की बाबा ऐकत नाहीयेत. म्हणजे ऐकतायत, पण माहीत असलेली गोष्ट ऐकावी तसे, सांगणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून. ती मध्येच थांबली. छातीतली शिट्टी वाजत होती, बारीक, सवयीची.

"तुम्हाला माहीत होतं."

"नावं माहीत नव्हती. मुताबिताचं नव्हतं माहीत." ते दम घ्यायला थांबले. "पण माझा दमा तू मला शिकवणार? तू जन्मायच्या आधीपासूनची ओळख आहे आमची. तू गेली होतीस ना बाहेर, ते आठ दिवस कसा झोपलो म्हणून सांगू! काकूंनी येऊन नाकाशी बोट धरलं, आहे की गेला ते बघायला."

"आणि मी आले तेव्हा?"

"तू आलीस, बसलीस, वेणी सोडली, आणि हा आला." त्यांनी छातीवर बोट टेकवलं. "एवढं कळायला काय शाळा लागते?"

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला. मास्क ओठांना चिकटला. "बोका नेला मी! पोत्यात घालून नेला. तुमचे वेत फेकले. बोलला का नाहीत?"

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस खरी." बाबा हसायला गेले, त्याचा खोकला झाला. तो ओसरेपर्यंत तिने खाटेजवळ जाऊन डबा धरला. सवयीने तोंड फिरवलं, मग परत वळवलं आणि पाहिलं. डिंक. दोरा. तळाशी धरून बसलेलं. तिने नजर काढली नाही. डबा हलला नाही.

बाबांनी तोंड पुसलं. "बोललो असतो तर काय झालं असतं? गालिचा गेला, रेडिओ गेला, बोका गेला. पुढचा नंबर तुझाच होता की."

तिला राग आला होता, आणि रागाखाली ते दुसरं, तिचं ओळखीचं. दोन वर्षं हा माणूस गुदमरत राहिला आणि गप्प बसला. दोन वर्षं तिला कळू न देता तिच्याकडून मरत होता, बोटांना थोडं काम मिळावं म्हणून. हे प्रेम म्हणायचं असेल तर म्हणावं. तिला ते त्या डब्यातल्यासारखं वाटलं, चिकट, ओढलं तरी न तुटणारं, अंगावर घ्यायला नको वाटणारं.

"वास नाही आला कधी?"

"यायचा की."

"घाण नाही वाटली?"

"वाटायची," बाबा म्हणाले. "मी काय लाकडाचा आहे? रोज वाटायची. आधी दोन मिनिटं. मग बोटं कामाला लागायची."

तिने डबा खाली ठेवला. म्हणजे त्यांनाही किळस येत होती. ओकारी पुसतानाही आली असेल. हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

"उंदरांत जाऊ नकोस म्हणणार नाही मी," बाबा म्हणाले. "म्हटलं तर ऐकशील का?"

तिने डबा पायाने खाटेखाली सरकवला.

"बस तरी. उभी काय, भाड्याने आणल्यासारखी?"

"लांब बसते."

"पाठ कर इकडे."

ती फरशीवर बसली, खाटेपासून हातभर लांब, डोकं ताठ. टोपीखालचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. बाबांचा हात आला. तो टोपीशी थबकला. कागदासारखं ते कापड त्यांनी बोटांनी चाचपलं, त्याची कड शोधली, आणि सोडून दिली. मग हात खाली गेला. झग्याचे बंद त्यांना सापडले. मानेजवळचे दोन, कमरेचे दोन, तिने अडकवलेल्या वेड्यावाकड्या गाठी. "हे काय बांधणं आहे?" ते पुटपुटले. गाठी सोडल्या. तीन बंद त्यांनी हातात घेतले, चौथा लोंबत ठेवला, आणि विणायला लागले. घट्ट. खुर्चीचीच वीण. एकेका पेडागणिक झगा पाठीवर आवळत गेला, खांदे मागे ओढले गेले. मास्कच्या आत तिचा श्वास तिच्याकडे परत येत होता, कोमट, आंबूस, दिवसभराचा. उंदराचा नव्हे. तिचा. तिने मास्क काढला नाही. मागे शिट्टी वाजत होती, आणि ती कमी होतेय की नाही, ते ऐकत ती बसून राहिली.